ज्वानेंगचे हिरे आणि बाबांचे पेढे

मी सिंगापूरला निघालो तेव्हा सांगलीच्या स्टँडवर आई माझ्या बॅगेत भडंगाचे पुडे कोंबत होती आणि बाबा मला बोट्स्वाना शिकवत होते. रिटायर्ड भूगोलमास्तर, दुसरं काय! "ज्वानेंगची एक हिऱ्यांची खाण, आणि तिच्यावर अख्खा देश उभा राहिला. शाळा, दवाखाने, रस्ते. पण विक्रीला मात्र हिरे लंडनला, बरं का!" बस हलली तरी खिडकीखालून त्यांचं चालूच होतं.

पुढे सिंगापूरच्या बँकेत नेमक्या आफ्रिकेतल्या खाणीच माझ्या वाट्याला आल्या. 'एकाच खाणीवर विसंबलेली अर्थव्यवस्था' असं मी रिपोर्टमध्ये बिनधास्त ठोकून द्यायचो. आमचं घरही एकाच मुलावर विसंबलेलं, हे तिथल्या मेट्रोत, एमआरटीत, उभ्या-उभ्या आठवायचं. तरी पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी झालो, बुकित पंजांगला फ्लॅट घेतला, मुलगी इथल्या शाळेत गेली. तुम्हीही इकडे आलेले असाल, तर हे कसं होत जातं ते मी काय सांगू?

मग बातमी आली. लंडनमधली हिऱ्यांची विक्री बोट्स्वानाने आपल्या राजधानीत आणली. बाबांनी कट्ट्यावर चक्क पेढे वाटले! फोनवर म्हणाले, "हिरे घरी आले रे! आता नोकऱ्या तिथल्या पोरांना. येतं सगळं परत, धीर पाहिजे."

त्याच आठवड्यात माझं सिंगापूरचं नागरिकत्व मंजूर झालं होतं. भारतीय पासपोर्ट परत करायचा होता. मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय."

"येतोयस? कायमचा?" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "अगं, ऐकलंस का?"

मी कसंबसं खरं ते सांगितलं. बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे तुला सांगलीला यायला व्हिसा लागणार?"

"नाही बाबा. एक कार्ड मिळतं."

"हं. कार्ड दाखवून घरी यायचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. "कसलं कार्ड न् काय! येशील तेव्हा विमानात हादडू नकोस. घरी जेवायचंय."

तिला सगळं कळलं होतं. मी परका झालो तरी माझं पान वाढून ठेवणारी ती दोघं, माझं घर आता एवढंच. त्या पानावर बसायची लाज वाटते, आणि भूक तर तिथलीच लागते.