लाल वायर, काळी वायर

इकडे सरक गं मनू, अशी जवळ बस. एकाच शहरात राहून तारनाक्याहून काचीगुड्याला यायला तुला सहा महिने लागतात, आणि आल्या आल्या विचारतेस काय, तर "आत्या, नवीन स्पीकर घेतलेत, हे वूफर म्हणजे काय असतं?" वस्तू आधी घरात आणायची आणि चौकशी मग. अगदी माझ्यावर गेलीस.

माझं गाणं एका वायरीने बुडवलं. ती वायर मीच जोडली होती.

नव्वदीतली गोष्ट, देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. गल्लीत रोज कुणाकडे तरी नवं खोकं उतरायचं. आमच्या ह्यांनीही दोन स्पीकरांचा सेट आणला. सोबतचं माहितीपुस्तक त्यांनी उघडलं नाही, मी पाठ केलं. मोठा गोल तो वूफर, खर्जासाठी. छोटा तो ट्वीटर, वरच्या स्वरांसाठी. डावा-उजवा मिळून स्टिरिओ, आणि ऐकणाऱ्याने बसायचं बरोब्बर मधोमध. भाजीवालीलाही मी हे समजावलं. (पुढच्या आठवड्यापासून ती पलीकडच्या गल्लीने जायला लागली.)

आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वीस वर्षं मी मोदक करत होते. गाण्याचं कुणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी अध्यक्ष वसंतराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही गाता म्हणे. रविवारी ऐकायला येतो."

मी सेटवरच अभंग टेप केला. स्टिरिओ नीट वाटावा म्हणून एक स्पीकर पार खिडकीपाशी नेला. वायर पुरेना. गणपतीच्या दिव्यांच्या माळेची उरलेली वायर जोडली, दोन्ही तारा पांढऱ्या.

"लाल-काळं बघितलंस का?" ह्यांनी पेपरामागून विचारलं.

"आवाज येतोय ना? मग झालं."

रविवारी वसंतराव आणि सुमनवहिनी आले. मी बरोब्बर मधोमध खडूने खूण करून ठेवली होती, तिथेच दोघांच्या खुर्च्या मांडल्या.

"वहिनी, समोर बसून गा की," वसंतराव म्हणाले.

"छे हो, स्टिरिओवर ऐका. त्यात खर्ज कळतो."

कॅसेट लागली. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, एका स्पीकरला चिकटून उभी. माझाच आवाज ऐकून मला भरून आलं. तिकडे वसंतराव मान वाकडी करून मागच्या भिंतीकडे बघत होते.

"हे गाणं येतंय कुठून?" सुमनवहिनींनी हळूच विचारलं.

"माठात तोंड घालून गायल्यासारखं वाटतंय," वसंतराव म्हणाले. "वहिनी, राग नका मानू. आवाजाला बूड नाही."

"मी समोर गाते ना," म्हणाले मी, पण तोवर दोघं उठायला लागली होती. आणि सुमनवहिनींनी विचारलंच, "मोदक यंदा किती धरायचे?"

गणपती गेले. सेटची कॅसेट अडकली म्हणून कोठीच्या बाजारातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागे डोकावलं आणि हसायला लागला.

"अम्मा, एक बक्से का वायर उल्टा है. एक ढकेलरा, दुसरा खींचरा. माइक एकीच, दोनों में आवाज एकीच. बीच में बैठे सो आदमी को गाना कैसा मिलता?"

म्हणजे एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि खर्ज मधल्या मधे मरत होता. त्या खोलीत माझं गाणं नीट ऐकू येईल अशा जागा पुष्कळ होत्या, मोरीसुद्धा. पाहुण्यांना मी नेमकी न ऐकू येणारी ती एक दिली.

मी वसंतरावांकडे सांगायला गेले, तर म्हणाले, "असू द्या हो. तुमचे मोदक आहेत ना!" त्यानंतर कुणी विचारलं नाही. मीही नाही गायले.

तेव्हा तुझ्या स्पीकरांना लालला लाल, काळ्याला काळी, एवढं बघ. वूफर-ट्वीटर मागाहून शीक. आणि या वेळेसारखं करू नकोस, लवकर ये. ती कॅसेट आहे अजून, वायर सरळ केलीय, मधली खुर्ची रिकामीच असते. गाणं नाही आवडलं तरी मोदक मिळतील. ते मला येतात, याबद्दल मंडळात दुमत नाही.