ताईचं न झालेलं भाषण

माझी ताई लिफ्ट दुरुस्त करते. बावीस वर्षं झाली. तिच्या खात्यात ती एकटीच बाई, त्यामुळे तिच्या हातातून पाना निसटला तरी सगळे माना वळवून बघतात. म्हणून ती काही निसटूच देत नाही. "मावशीची एक तरी चूक दाखव," असं मी माझ्या लेकीला उठताबसता ऐकवत आले.

लेक दहावीत. तिच्या शाळेत आमच्यासारख्या झाडूवाल्यांच्या, हमालांच्या मुली. तिथून आजवर एकही मुलगी इंजिनिअरिंगकडे गेली नव्हती, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी ताईला भाषणाला बोलावलं. तांत्रिक शाखेचा फॉर्म द्यायचा तोच शेवटचा दिवस, आणि लेकीनं फॉर्म आठवडाभर कोरा ठेवलेला. गणितात हुशार, घरातलं प्रत्येक यंत्र उघडून बसणारी पोर, मग घोडं अडतंय कुठे हे मला काही केल्या कळेना. विचारलं की गप्प. मी रागावले, मग लाडीगोडी लावली, मग माझंच डोकं चालेना. हिला खरंच नको असेल, तर मी कशाला हात धुवून मागे लागलेय?

ताईचा गोंधळ माझ्याहून मोठा. मुलींना या कामात या म्हणू की येऊ नका म्हणू, असं तिनं मला वाटेत चारदा विचारलं.

सभागृहात माइक खरखरायला लागला आणि ताईचा जीव भांड्यात पडला. भाषण तेवढंच लांबणीवर पडलं. ती उठली, बाहेरच्या पेटीतला मेन स्विच बंद करून आली, माइकची वायर नीट जोडली. परत गेली तर पेटीला कुलूप आणि खिळ्यावरची किल्ली गायब. अख्ख्या शाळेची वीज बंद. कुलूप कुणी लावलं ते कुणालाच सांगता येईना. ताईनं शिपायाला फैलावर घेतलं, तो बिचारा शपथा घ्यायला लागला. मुली बाकांखाली, कुंड्यांमध्ये किल्ली शोधायला लागल्या. बाई ऑफिसातून धावत आल्या, तर प्रत्येकजण त्यांना वेगळंच काहीतरी सांगत होता. हा घोळ अर्धा तास चालला.

शेवटी माझी लेक पुढे झाली. "मावशी, तुझा खिसा बघ."

ताईनं हात घातला आणि किल्ली बाहेर आली. लिफ्टच्या कामात वीज बंद केली की पेटीला कुलूप लावून किल्ली आपल्याच खिशात टाकायची असते. कुणी मध्येच वीज चालू केली, तर आतल्या माणसाचा जीव जातो. बावीस वर्षांची सवय, हातांनी काम उरकलं आणि डोक्याला पत्ताच नाही. शिपायासकट सगळे खो खो हसले. ताईनं त्याची माफी मागितली आणि भाषण न करताच खाली येऊन बसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कसली भरतेय ही फॉर्म.

लेक आली, माझ्या पर्समधलं पेन काढलं आणि मांडीवर वही ठेवून फॉर्म भरायला बसली. मी बघतच राहिले. हे सगळं पाहून आत्ता कसं सुचलं, म्हणून विचारलं.

"तू म्हणायचीस, मावशी कधी चुकत नाही," ती मान खाली घालूनच म्हणाली. "मला वाटलं, आपल्यातली कुणी तिकडे गेली तर तिला चुकून चालतच नाही. माझं तर रोज चुकतं, आई."

पलीकडे बसलेली ताई सगळं ऐकत होती.

"माझंही चुकतं गं," ती लेकीला म्हणाली. "तुझ्या आईला सांगायची भीती वाटायची."