जोसेफनं काढलेली मी

जोसेफ गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, घानातून. डोळे भरले, पण खोटं कशाला बोलू, मनात आधी आलं ते हेच... बरं झालं, त्याला सांगून टाकलं होतं.

जोसेफ तिथल्या कुमासी शहराचा. वडिलांचा फोटो स्टुडिओ पुढे त्यानंच जन्मभर चालवला. त्याआधी तो शिकायला नागपुरात आला आणि प्रताप नगरात आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षं राहिला. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. चौकातला फोटोवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मला गोरीपान करून द्यायचा. पाहुणे फोटोकडे बघत, मग माझ्याकडे, आणि पोहे अर्धे टाकून उठत. असं तीनदा झालं. शेवटी जोसेफनं मला गच्चीवर बसवलं, उजेड जोखायला स्वतःचा हात माझ्या गालाजवळ धरला आणि फोटो काढला.

तो बघून आई कडाडली, "काहून गा, माह्या पोरीले एवढी काळी काढली? आता कोण करीन हिले?"

"आई, आहे तशी काढली," तो म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं. महिन्याभरात परीक्षा देऊन तो मायदेशी गेला. आपल्यामुळे हिचं लग्न आणखी अडलं, असंच समजून गेला.

त्यानंतर हिंगण्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाकडे फोटो जायचा होता. पाकिटातला गोरा फोटो मी गुपचूप काढला आणि जोसेफचा घातला. मुलगा आला, त्यानं एकदाच वर बघितलं आणि पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केली. लग्नानंतर हे म्हणाले, "फोटोतलीच पोरगी समोर आली, मले बरं वाटलं."

जोसेफला कळवायला पत्ता नव्हता. चाळीस वर्षं ते मनात खुपत राहिलं. गेल्या वर्षी नातीनं मोबाईलवर त्याचा स्टुडिओ शोधून दिला आणि व्हिडिओ कॉलवर मी सगळं एका दमात सांगितलं. तो अजूनही आमच्याच बोलीत म्हणाला, "आईले समजलं का?"

"मरेपर्यंत नाही!"

दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग त्यानं दटावलं, "सुमन, अंधारात काहून बसली? खिडकीकडे तोंड कर वं."

मागच्या आठवड्यात जोसेफच्या मुलीनं त्याच्या मोबाईलमधला एक फोटो पाठवला. त्या कॉलवर त्यानं मला न सांगता टिपलेला. सुरकुत्यांसकट, हसणारी मी. नात म्हणाली, "आजी, थोडा फिल्टर लावू?"

"हात तं लावून पाह्य," मी म्हटलं आणि तसाच फ्रेम करायला दिला.