दूध हाय अजून

गुडघाभर पाण्यात उभं राहून, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून ते स्वतःच्या पायांकडे बघत राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या गृहस्थाचं काहीतरी पाण्यात पडलंय. मग मान वर न करताच ते म्हणायचे, "न्हाई. दूध हाय अजून." आणि काठावर गळ बांधून तयार बसलेले आम्ही सहा-सात जण निमूटपणे जेवणाचे डबे उघडायचो.

मुळशी धरणाच्या फुगवट्यावर, आम्ही रविवारी जायचो त्या काठावर एक नियम होता. पावसाळ्यात गळ बंद. पाऊस सरल्यावरही ओढ्यांनी आणलेला गाळ खाली बसून पाणी निवळेपर्यंत बंद. आणि निवळलं की नाही, हे मामा सांगणार. हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो होताच.

मामा त्याच काठावरच्या गावातले. थोडी भातखाचरं, थोड्या शेळ्या. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. त्यांची कसोटी साधी होती. गुडघाभर पाण्यात पायाची नखं दिसली पाहिजेत. दहाच्या दहा. दिसली की ते एकच शब्द बोलायचे, "निवळलं." त्या शब्दावर आमचा हंगाम सुरू व्हायचा.

पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं की गढूळ पाण्यात गळ टाकला तर बिघडतं काय?

"साहेब, गढुळात मासा आंधळा असतुय," ते म्हणाले. "त्येला दिसू द्या की, आपन काय टाकलंय. बघून मग खायचं का न्हाई त्ये त्यो ठरवंल. आंधळ्याला फसवून काय मोठेपना?"

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात मोजमाप खात्यात काम करतो. माझ्या हाताखालून जाणारा प्रत्येक भाग मापात आहे की नाही, एवढंच मी गेली सव्वीस वर्षं बघत आलोय. नखांची ही कसोटी मला स्वस्थ बसू देईना. मी एक स्टीलची ताटली घेतली, तिचे चार भाग काळे-पांढरे रंगवले, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारली. ताटली पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. पाच हंगाम मी दर रविवारी नोंद ठेवली. मामा "निवळलं" म्हणत त्या दिवशी ताटली दर वेळी अकराव्या आणि तेराव्या गाठीच्या मध्ये दिसेनाशी होई. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही.

मोठ्या उत्साहाने मी त्यांना वही दाखवली. "मामा, तुमचं माप एकदम बरोबर आहे."

त्यांनी ताटली उलटसुलट करून पाहिली. "मग हिनं नवं काय सांगितलं?"

मी वही मिटून पिशवीत टाकली.

मारुंजीत खोली घेऊन राहणारा एक संगणकवाला तरुण आमच्यात होता. मूळचा इंदूरचा, त्यामुळे त्याचं मराठी अर्धं हिंदीवर चालायचं. मामा त्याला 'इंजिनेर' म्हणत. एकदा काठाच्या गवताजवळ पाण्यात तांबूस ठिपक्यांचा एक थवा वळवळताना त्याला दिसला. ती मरळ माशाची पिल्लं. त्यांच्या खाली आई-बाप राखण करत असतात आणि पिल्लांजवळ काहीही आलं की चवताळून तोंड मारतात. म्हणजे हमखास सापडणारा मासा. इंजिनेरने गळ फिरवला, आणि तो पाण्यात पडायच्या आत त्या जागी डब्बकन एक धोंडा पडला. सगळं पांगलं. धोंडा मामांचा होता.

"मामा, ये क्या किया!"

"लेकुरवाळी हाय ती. तू रांगत हुतास तवा तुझ्या आयला कुनी असं वडून नेलं असतं, मग? आज कुनाचा कंपूटर बडवत बसला असतास?"

इंजिनेर हसत सुटला. संध्याकाळी त्याने घरी आईला फोन लावला आणि तो मामांच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. तरी मामा बराच वेळ बोलत होते.

आता तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामाबद्दल. दसरा झाला, कोजागिरी झाली. मामा पाण्यात उतरले, बघितलं आणि म्हणाले, "दूध हाय अजून." मी सवयीने ताटली सोडली. बाराव्या गाठीपर्यंत ती स्वच्छ दिसत होती. मला वाटलं, माझंच मोजताना चुकलं. पुन्हा सोडली. पुन्हा बाराच.

इंजिनेर माझ्या कानाशी आला. "अंकल, मला तर खालचा एकेक दगड दिसतोय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मामा शांतपणे काठावर येऊन बसले होते. किटलीतून चहा ओतत होते, आणि त्यातला निम्मा पेल्याच्या बाहेर जात होता.

कुणीच गळ टाकला नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी दिवाळी तोंडावर आली होती, पाणी काचेसारखं झालं होतं, आणि मामा मान हलवून म्हणाले, "औंदा गाळ लई आलाय."

रिहे गावचे अण्णा आमच्यात सगळ्यात जुने. भातशेती करतात, बोलतात कमी. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, मामांना सांगायला हवं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"नगा सांगू," अण्णा म्हणाले. "पोरानं वरची खाचरं इकली. शेळ्या चार ऱ्हायल्यात. त्येंच्या एका शब्दावर चालतंय असं हे एवढंच हाय आता. त्ये बी काढून घ्यायचं व्हय? बसू की अजून दोन आयतवार."

मला अण्णांचं पटत होतं, आणि घरी आल्यावर पटत नव्हतं. मामांच्या घरापासून पाण्यापर्यंतची वाट दरडीच्या कडेने जाते. ती ते रोज दोनदा उतरायचे. आणि मुख्य म्हणजे, आम्ही सात जण मिळून दर रविवारी एका माणसाशी खोटं वागत होतो. आंधळ्याला फसवू नये, असं त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, आणि तेच आम्ही त्यांच्याबाबत करत होतो.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एकटा गेलो. ते शेळ्या सोडून काठावर बसले होते.

"साहेब? आज आयतवार न्हाई."

"मामा, पाणी निवळलंय. तीन आठवडे झाले."

ते एकदम ताठ झाले. "कोन म्हनतंय? तुमची ताटली? सोळा वर्साचा असल्यापास्नं बघतुय मी ह्ये पानी."

मी पिशवीतून ताटली काढली आणि हात लांब करून त्यांच्यासमोर धरली. "मामा, यावर काळं किती आणि पांढरं किती, सांगा."

त्यांनी डोळे बारीक केले. थोडं पुढे झुकले. "काय दिसतंय? सगळं दूधच हाय."

"ताटली पाण्यात नाही, मामा. माझ्या हातात आहे."

त्यांनी हात पुढे करून ताटली चाचपली. बोटं कोरडी राहिली, ती एकमेकांवर घासून बघितली. मला वाटलं आता चिडतील, उठून जातील, पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. मी त्याची तयारी ठेवूनच गेलो होतो.

मग ते म्हणाले, "म्हंजी तीन आयतवार लोकांस्नी उगाच बसवलं मी?"

"त्याचं काही नाही."

"काही न्हाई कसं? इंजिनेर बी बसला? आन् कुनी बोललं न्हाई?"

"नाही."

"येडी हायेत समदी," ते म्हणाले, आणि उपरण्याने तोंड पुसलं. मी शेळ्यांकडे बघत राहिलो.

रविवारी मामा आमच्या आधी येऊन थांबले होते. त्या दिवशी ते पाण्यात उतरले नाहीत. सगळे जमल्यावर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पानी कवाच निवळलंय. गढूळ माजं डोळं हायेत. टाका गळ."

कुणी हलेना. अण्णा बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागले.

"टाका की! का आता पत्रिका छापू?"

मग इंजिनेरने स्वतःचा गळ त्यांच्या हातात दिला, आणि ते नको नको म्हणत असताना पहिला गळ त्यांच्याकडूनच टाकवला.

आठवड्याभरात मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. पट्टी काढल्यावर माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "अवो साहेब, तुमी एवढं पांढरं कवा झालासा?"

मामा त्यानंतर दोन हंगाम होते. मागच्या उन्हाळ्यात, तीन दिवसांच्या तापाने गेले. आम्हाला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. त्या काठावर मी अजून जातो, पण त्यांचं म्हणून जे मला डोळ्यांसमोर दिसतं, ते त्या ऑपरेशनच्याच हंगामातलं आहे.

डॉक्टरांनी त्यांना पाण्यात उतरायचं नाही, वाकायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून घरून प्लास्टिकची खुर्ची आणली होती. दवाखान्यातला काळा चष्मा लावून ते काठावर बसायचे आणि बऱ्याच दिवसांनी आम्हाला नीट बघायचे. त्यांना आमच्या सगळ्या चुका दिसू लागल्या. इंजिनेरची गाठ म्हणजे नाडीची गाठ, ओढली की सुटते. अण्णा ओढायची घाई करतात. "आजवर दिसत न्हवतं तेच बरं हुतं," असं दर पाच मिनिटांनी.

एका सकाळी ते मला म्हणाले, "साहेब, तुमी कायम तितंच उभं ऱ्हाता?"

"आठ वर्षं, मामा. तिथली खोली मोजलेली आहे."

"खोली मोजली. सावली मोजली का? समदी पान्यात पडतीया. मासा काय तुमच्या सावलीत जेवायला येनार? डावीकडं सरका. अजून. अजून चार पावलं. त्या पळसाच्या आडाला."

मी सरकलो. गळ टाकला. वीसेक मिनिटांत दोरी अशी ताणली गेली की माझा तोल गेला आणि मी गुडघ्यावर आलो. म्हाशीर होता, पावणेचार किलोचा, सोन्यासारख्या खवल्यांचा. माझ्या वहीतला सर्वांत मोठा. वजन करून मी तो पाण्यात धरून ठेवला, श्वास परत आल्यावर सोडून दिला, आणि मामांकडे बघितलं.

ते खुर्चीत, काही पाहिलंच नसल्यासारखी मान वळवून, काळ्या चष्म्यातून, पलीकडच्या काठावरच्या शेळ्या निरखत होते. पण त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर ताल धरल्यासारखे हलत होते.