गणितातून सुटलेला माणूस

बदलता विषाणू कुठं किती पसरेल, याची मॉडेलं बनवणाऱ्या जावयाला घरचे 'आकडेबहाद्दर' म्हणत. रविवारी सासूबाईंचं जाहीर गाणं होतं आणि बुधवारी धाकटा मेहुणा शिंकला.

"आई, तुमच्या गळ्याला धक्का लागू देणार नाही," म्हणत जावयानं अख्ख्या घराचं मॉडेल बनवलं. मेहुण्याला माडीवर कोंडलं. मग दर तासाला वर जाऊन त्याचा ताप बघायचा अन् खाली येऊन सासूबाईंच्या कानाशी खुशाली सांगायची, असा सपाटाच लावला.

शनिवारी सासूबाईंचा आवाज बसला.

"विषाणूनं रूप बदललं असणार," जावई डोकं खाजवत पुटपुटला.

"जावईबापू," सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या गणितात तुम्ही कुठं होतात?"

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि तो सणसणीत शिंकला.