फळीवर आपटलेला पाय

एका गायकाने माझ्या मेकॅनिकला फसवलं. तरुणपणी हा मेकॅनिक त्या गायकाच्या, चमकदार कपड्यांच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. उंच टाचांच्या बुटांनी ड्रमचं पेडल दाबता येईना, म्हणून ह्याने फळीवर पाय आपटला. त्याच ठेक्यावर गाणं गाजलं, पण नाव एकट्या गायकाचं लागलं. आजही आमच्या वेरिबी उपनगरात लग्न असो की फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच, लोक त्यावर नाचतात. रेडिओवर लागलं की हा पाना खाली ठेवतो आणि आवाज वाढवतो.

"अरे, भांड ना त्याच्याशी!" मी ओरडतो.

"नो वरीज, मेट. गातो मात्र छान."

मी ब्रेक पॅडसाठीही घासाघीस करणारा माणूस. माझ्या अंगाची लाही होते. तो ठेका आपल्याला कसा सुचला, हे तो गायक अजून टीव्हीवर सांगतो. एकदा त्याने ह्या गॅरेजात येऊन ह्याच्या तोंडावर सांगावं.