दोन केळी आणि एक सुपारी

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात केळी घेत होतो. खोटं वाटेल, पण खरं आहे. मामा असता तर तोच आधी हसला असता...

मामा दिल्लीत व्यापार खात्यात अधिकारी. आसपासच्या अनेक देशांचा मिळून एक मुक्त व्यापार करार व्हायचा होता, त्याच्या वाटाघाटींत त्याने कित्येक वर्षं घालवली. सांगायचा, "अरे, मसुद्यात ज्यावर एकमत नाही ते कंसात टाकतात. भांडत बसायचं नाही, पुढच्या कलमाकडे वळायचं. बाकी सगळं ठरलं की कंसातलं एकटं पडतं. मग त्यालाच लाज वाटते!" शेवटचा कंस कुठल्याशा बिस्किटांवरच्या आयातशुल्काचा होता म्हणे. तो सुटला, करार पूर्ण झाला आणि मामा थेट आमच्या इंदिरानगरच्या घरी आला, माझ्या लग्नाच्या बैठकीला.

बैठक मोडायच्या बेतात होती. घोटीच्या भातगिरणीवाल्यांची मुलगी मला मनापासून आवडलेली, आणि इकडे दोन बाप हटून बसलेले. "लग्न घोटीतच. नाय तर सुपारी फुटायची नाय," माझे होऊ घातलेले सासरे गरजले. "मग राहू द्या," माझे वडील. मामाने शांतपणे ताटातली सुपारी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक केळं. "दाजी, हे लग्नाचं ठिकाण. कंसात. आता जेवणाचं बोला."

जेवण ठरलं, मुहूर्त ठरला, मानपानही ठरला. केळ्यांमधली सुपारी तशीच, बिचारी! वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "जाऊ द्या, घोटी तर घोटी." मामाने एक केळं सासऱ्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः सोललं. "सुटला कंस. फोडा सुपारी!" माझा अख्खा संसार त्या दोन केळ्यांचा ऋणी आहे.

परवा मामीकडे गेलो. भिंतीवर नवा खिळा ठोकलेला, पण मामाचा फोटो टेबलावरच, बिनहाराचा. दोन्ही बाजूंना एकेक केळं.

"मामी, हे काय?"

"पोरं म्हणतात, हार घालून भिंतीवर लावू. मी म्हटलं, कंसात ठेवा. मला अजून मान्य नाही."

मग तिने चहा केला, आम्ही मामावर पोटभर हसलो... उठताना सवयीने माझा हात केळ्याकडे गेला. तसाच मागे घेतला.